लेझर माझा, किल्ली त्यांची

६ जानेवारी

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "घरी आल्या आल्या जो काही आरडाओरडा करायचा असेल तो आता हिच्यात करा. माझे कान दुकानातच किटतात." ही औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे खोकले ऐकते, मग नवऱ्याच्या वाट्याला कान उरत नाहीत.

ठीक. तर आरडाओरडा.

आज प्रयोगशाळेत नवी बाई रुजू झाली. मोठी पदवी, बारीक आवाज, आणि खिशात प्रकाश मोजायचा मीटर. मी लेझरसमोर पांढरं कार्ड धरून ठिपका बघितला आणि म्हणालो, आज तब्येत बरी आहे. तर ती म्हणते, "सर, मी मोजून बघू?" मी बांधलेला लेझर! सुटे भाग जुळवून, एकेक आरसा हाताने बसवून बांधलेला! मोजून बघू म्हणे. तिचं नाव मी मीटरबाई ठेवलंय.

आमचा प्रयोग स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूचे अणू थंड करण्याचा. थंड करायचे म्हणजे बर्फात ठेवायचे नाहीत. सगळ्या बाजूंनी प्रकाशाचा मारा करून त्यांची पळापळ थांबवायची. त्याला निळा प्रकाश लागतो, आणि कुठलाही निळा चालत नाही. अणू महानखरेल. रंग एवढासा सरकला तरी ढुंकून बघत नाहीत. आणि लेझर असा की कुणी दार आपटलं तरी त्याचा रंग सरकतो. त्याला एका रंगावर घट्ट धरून ठेवायचं, लॉक करायचं, हे माझं काम. आयुष्यभर तेच केलं. आता मला मीटर दाखवतात.

१४ जानेवारी

निळा मेलाय. कार्डावर ठिपका पडतो, पण मधून फिका, धुरकट, कडेला तेवढा बरा. मी निळा रंग बनवणारा स्फटिक बदलला, आरसे पुसले, तरी तेच. मीटरबाई म्हणाली, "मीटरवर तर पूर्ण ताकद येतेय, सर." मी म्हटलं, मग तुमचा मीटर बिघडलाय. तिने दुसरा आणला. तोही तेच दाखवतो. एकाच कंपनीचे दोन मीटर, दोघे एकच थाप मारणार, त्यात नवल काय?

ही वहीसुद्धा भिकार आहे. रेघा मधेच पोटात दुखल्यासारख्या वाकतात. छापखान्यात कुणी बघतं की नाही? हिला म्हटलं, परत करून ये. हिने वही हातात घेतली, बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "असू दे. तुम्ही लिहिताय ना, तेवढं पुरे."

हिचं हे नेहमीचं. दुकानदाराला कोण बोलणार!

२३ जानेवारी

आठवडाभर खरखर शोधतोय. लॉकचा संकेत पडद्यावर बघतो तेव्हा रेघ सरळ यायला हवी. येते लाटालाटांची. अशी लाट म्हणजे विजेची खरखर कुठून तरी शिरते, हे शेंबडं पोर सांगेल. सगळ्या तारा उचकटल्या. अर्थिंग नव्याने केलं. टेबलाखाली पाठीवर पडून काम केलं, या वयात. उठलो, बघितलं, लाट तशीच.

मीटरबाई शेजारी उभी. म्हणाली, "सर, रेघ सरळ आहे."

मी म्हटलं, "बाई, तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी या रेघा बघतोय."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे तिचा चेहरा माझ्याकडे होता. त्यावर काय भाव होते ते कळलं नाही. हल्लीच्या लोकांच्या चेहऱ्यावर काही दिसतच नाही. सगळे पुसल्यासारखे.

घरी चहा ओतला तर अर्धा टेबलावर. हिने कप बदललेत का, विचारलं. नाही म्हणाली.

२ फेब्रुवारी

लॉक झाला! सकाळी धरला तो संध्याकाळी मी दिवे बंद करेपर्यंत हलला नाही. मधे कुणी खुर्ची पाडली, तरी नाही. लाटांची रेघ असू दे नाहीतर काट्यांची, लेझर जागचा हलला नाही. आपल्या हातात अजून जादू आहे. मीटरबाईंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. बऱ्या आहेत तशा.

साहेब आला होता बघायला. साहेब म्हणजे आमचा संचालक. याला पहिलं सोल्डरिंग मी शिकवलं, तेव्हा बोटं भाजून घेऊन रडवेला झाला होता. आता त्याला स्वतंत्र केबिन आहे, पण मला अजून सर म्हणतो, तेवढं आहे.

साहेब गेल्यावर मीटरबाई त्याच्यामागे केबिनमध्ये गेली. दार लावून घेतलं. लॉक मी केला आणि अहवाल ही देणार. वा!

९ फेब्रुवारी

हिने सांगितलं, साहेब दुकानात खोकल्याचं औषध न्यायला आला होता. बराच वेळ थांबला म्हणे. मला तर तो प्रयोगशाळेत एकदाही खोकताना दिसला नाही. केबिनमध्ये बसून बसून असलेच आजार होतात.

जेवताना ही मधेच म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या का?" मी म्हटलं, नवा चष्मा गेल्याच वर्षी घेतला, आणि भिंग घासण्यात चुकला असेल तर ती त्या चष्मेवाल्याची लबाडी. मी कशाला हेलपाटे घालू?

शेजारच्या बाईने जिन्यात हाक मारून सुनावलं की तुम्ही हल्ली ओळख दाखवत नाही. जिन्यात दिवा लावत नाहीत आणि ओळख दाखवा म्हणतात!

२० फेब्रुवारी

नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सकाळी आरसा बदलत होतो. निळा किरण नव्या वाटेने न्यायचा होता. गॉगल घातला नव्हता. नारिंगी गॉगल घातला की निळं काही दिसत नाही, मग जुळवणार काय, कपाळ? मी असंच करत आलोय. कार्ड धरलं, ठिपका सापडेना. मधोमध धरलं, नाही. जरा वर, नाही. वाटलं, लेझर बंद पडला. म्हणून आरसा हाताने फिरवला, आणि पलीकडून मीटरबाई किंचाळली.

किरण टेबलाच्या कडेच्या आडोशावरून पलीकडे गेला होता. थेट तिच्या तोंडावर. तिने गॉगल घातला होता, तिला काही झालं नाही, काहीही झालं नाही. पण किंचाळली अशी की वरच्या मजल्यावरून लोक धावत आले. मी म्हटलं, "अहो, गॉगल होता ना? मग एवढा तमाशा कशाला?"

ती म्हणाली, "नसता तर?"

मग साहेब आला. त्याने लेझरची किल्ली काढली. माझ्या लेझरची! लेझर बंद झाला आणि साहेबाने किल्ली खिशात टाकली. म्हणाला, "सर, डोळे तपासून या. कागद आणून दाखवा, लगेच देतो."

सगळ्यांसमोर. ज्याला मी हात धरून शिकवलं त्याने.

मी म्हटलं, "सरळ सांग ना, या बाईला टेबल द्यायचंय. त्यासाठी माझे डोळे कशाला काढतोस?"

तो मान खाली घालून उभा राहिला. चोराने असंच उभं राहावं.

२१ फेब्रुवारी

गेलो नाही. जाणारही नाही. गेलो की यांचं फावतं. कागदावर काहीतरी खरडून घेतील आणि म्हणतील, वय झालं, विश्रांती घ्या. मी हे डावपेच ओळखून आहे.

हिने दवाखान्यात वेळ घेतली होती. तिथल्या मुलीचा फोन आला आठवण करायला. तिला असं झापलं की पुन्हा फोन करायची नाही. हिने दुसऱ्या खोलीतून सगळं ऐकलं. बाहेर आली नाही.

५ मार्च

रोज जातो. खुर्चीत बसतो. मला एक टेबल दिलंय कोपऱ्यात, आणि म्हणतात, सर, तुम्ही दुसऱ्या लेझरचा आराखडा करा. अणू निळ्याने गार झाले की मग त्यांना आणखी गार करायला लाल लागतो, तो. आराखडा करा म्हणे! कागदावर काढतो तर वर्तुळं मधून दबतात. कंपाससुद्धा हल्ली दर्जेदार मिळत नाही. उजवा डोळा चोळला की पाणी येतं.

मीटरबाई दिवसातून एकदा येते आणि काहीतरी विचारते. लॉकचा हा खटका असा का ठेवलाय, ती तार तिकडून का नेलीय. मी सांगत नाही. एकदा विचारलं, "मीटर सांगत नाही का?" ती म्हणाली, "मीटर किती ते सांगतो, सर. का ते तुम्हालाच माहीत आहे."

गोड बोलून काढून घ्यायची कला शिकावी तर हिच्याकडून.

१८ मार्च

आज अणू धरले.

बातमी मला चहाच्या खोलीत कळली. सगळे धावत होते, मीही गेलो. अंधार केलेला. निर्वात पात्राच्या गोल खिडकीपुढे रांग. एकेक जण वाकून बघतो आणि "आई गं" नाहीतर "अरे बापरे" म्हणून बाजूला होतो. कुणी तर डोळे पुसत होता. पात्राच्या मधोमध, कशालाही न टेकता, थंड झालेले अणू एका जागी गोळा होतात आणि निळे चमकतात. नुसत्या डोळ्यांना दिसतात. माझ्या लेझरने धरलेले अणू. यासाठी मी या खोलीत म्हातारा झालो.

साहेब म्हणाला, "व्हा बाजूला सगळे. सरांना बघू द्या."

मी वाकलो. मीटरबाई म्हणाली, "अगदी मधोमध बघा, सर."

मधोमध बघितलं. मधोमध काही नव्हतं. एक राखाडी डाग, काचेवर कुणी ओला अंगठा फिरवावा तसा. डोळा बारीक केला. दुसरा लावून बघितला. नीट रोखून बघितलं. काही नाही.



"दिसला ना, सर?" साहेबाने विचारलं. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता.

मी म्हटलं, "आधी काच पुसा. काही पकडलेलं नाही तुम्ही. उगीच नाचताय."

कुणीही उलट बोललं नाही. एकानेही म्हणू नये की नाही सर, आहे? म्हणजे थापच असणार. मी रागाने तोंड फिरवलं आणि निघालो. फिरवताना डोळ्याच्या कडेला काहीतरी निळं लुकलुकलं. इवलंसं, स्वच्छ. कुणाचा तरी फोन. अंधाऱ्या खोलीत फोन आणू नका म्हणून ओरडून घसा फुटला माझा, पण ऐकतो कोण?

२७ मार्च

ही माझ्याशी बोलत नाही. मग मी तरी तिच्याबद्दल का लिहू? पण लिहितो.

दुपारी लवकर निघालो. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून करायचं काय? हिच्या दुकानावरून आलो. फुटपाथच्या मधोमध एक बाई उभी, वाट देईना. मी डावीकडे झालो तर तीही डावीकडे. मी म्हटलं, "बाई, जरा बाजूला व्हा. रस्ता काय तुमच्या नावावर आहे?"

ती हलली नाही. मी आणखी चढ्या आवाजात म्हटलं, "ऐकू येत नाही का?"

मग ती रडायला लागली. आवाजावरून कळलं, ही होती.

दुकानाचा पांढरा कोट घातलेला, केस बांधलेले, तोंडातून अक्षर नाही. असं कुणी नवऱ्यासमोर उभं राहतं? चेष्टा करायची वेळ असते, जागा असते. मी म्हटलं, "हाक मारता येत नव्हती?" तर भर रस्त्यात आणखीच हमसायला लागली. लोक थांबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी मी रजा घेतलीय. तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात. नाही आलात तर मी माझ्या भावाकडे जाईन, आणि परत यायचं की नाही ते तिथे ठरवेन."

एवढ्या वर्षांत तिने असं कधी म्हटलं नव्हतं. धमक्या देते!

२८ मार्च

गेलो.

डॉक्टर तरुण. हसतमुख. मला तिथेच त्याचा राग आला. एक डोळा झाकून समोर चौकटींचं जाळं धरलं आणि म्हणाला, "मधल्या टिंबाकडे बघा. रेघा सरळ दिसतात?"

मी म्हटलं, "तुमचं जाळं वाकडं छापलंय."

तो म्हणाला, "मधलं टिंब दिसतं?"

मी म्हटलं, "टिंब कुठे आहे?"

मग तो हसतमुख राहिला नाही. थेंब घातले, यंत्रात बघितलं, चित्रं काढली. खुर्ची जवळ ओढून हिच्याकडे नाही, माझ्याकडे तोंड करून बोलला. डोळ्याचा पडदा. त्याच्या मधोमध, जिथून माणूस वाचतो, चेहरे ओळखतो, तिथे खालून रक्त झिरपतंय. उजव्या डोळ्यात व्रण झालाय, तिथलं आता परत येणार नाही. डाव्यात अजून थोडं हाताशी आहे. डोळ्यात सुया घ्याव्या लागतील, आजपासूनच. गेलं ते येणार नाही, उरलंय ते राहील, कदाचित. कडेची नजर जाणार नाही. रोखून बघाल ते दिसणार नाही, बाजूला बघाल तर दिसेल.

"लेझरने झालं का?" मी विचारलं.

"नाही. हे वयाने होतं. पण दोन-तीन महिने आधी आला असतात तर—"

मी म्हटलं, "पुढचं वाक्य बोलू नका."



२९ मार्च

डोळ्यावर पट्टी होती. आज काढली. मोठ्या अक्षरात लिहितोय, जाड पेनाने. आपलंच अक्षर तिरकं बघून वाचावं लागतं, कोंबडीसारखं.

सकाळी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ही भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. मला वाटलं रडेल. ती ओरडली. आमच्या संसारात ओरडण्याचं खातं माझ्याकडे आहे, तिचा असा आवाज असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

"कुणाशी बोलू? तुम्ही कुणाला बोलू देता? कप बदललेत, वही वाकडी, मीटर खोटे, शेजारीण खोटी! मी वेळ घेतली तर त्या पोरीला फोनवर रडवलंत! तुमचा साहेब दुकानात आला होता. खोकल्याचं निमित्त. एवढा मोठा माणूस, काउंटरशी शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला आणि म्हणाला, वहिनी, सरांना दिसत नाहीये. तुम्हीच सांगून बघा, माझी छाती होत नाही. आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, माझीही होत नाही!"

मग ती खाली बसली. तिथेच, ओल्या फरशीवर. मी म्हणणार होतो, फरशी ओली आहे. नाही म्हटलं.

मला अजूनही वाटतं, त्यांनी सांगायला हवं होतं. मला धरून, बांधून, फरफटत न्यायला हवं होतं. लेझर माझा, डोळे माझे, आणि मी सोडून सगळ्या गावाला माहीत. पण मग विचार करायला लागलो, ती बोलली असती तर मी काय केलं असतं. उत्तर सापडायला फार वेळ लागला नाही.

१२ एप्रिल

दुसरी सुई. दुखत नाही. सुई येताना दिसते, त्याचाच राग येतो.

साहेब घरी येऊन गेला. मी म्हटलं, किल्ली तुझ्याकडेच ठेव. तो रडला. या माणसाचं आजवर केबिनमध्ये कसं निभावलं देव जाणे. जाताना म्हणाला, मीटरबाई रोज विचारते, सर कधी येणार. तो मीटरबाई म्हणाला. म्हणजे हे नाव सगळ्यांना माहीत आहे. तिलाही असणार.

२४ एप्रिल

आज प्रयोगशाळेत गेलो.

लाल लेझर बांधायला घेतलाय. मी स्टुलावर, हात मांडीखाली. हात मोकळे असले की स्क्रूकडे धावतात. मीटरबाई टेबलाशी. मी सांगायचं, तिने करायचं. सकाळभर मी तिच्या नावाने बोंब मारत होतो. तो स्क्रू नव्हे, त्याच्या शेजारचा. हळू. हळू म्हणजे काय कळतं का? दाबून नव्हे! आसपासचे लोक आपापल्या कामात डोकं खुपसून बसले होते. कुणी वर बघत नव्हतं. पूर्वीही असेच बसायचे की काय, कोण जाणे. मला वाटायचं, कामसू आहेत.

दुपारनंतर जाळीचा कोन लावायची वेळ आली. प्रकाशाची रंगांत फोड करणारी छोटी जाळी, तिच्यावरच लेझरचा रंग ठरतो. मी म्हटलं, खालचा स्क्रू डावीकडे, अर्धा फेरा.

ती थांबली.

मी म्हटलं, "डावीकडे."

ती म्हणाली, "नाही, सर. तसं केलं तर परत येणारा किरण चुकेल आणि सगळं सुटेल. तुमचं चुकतंय."

खोलीत सगळ्यांचे हात थांबले. मला ते दिसलं नाही, ऐकू आलं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला, कुणाची तरी खुर्ची करकरली आणि मग तीही गप्प झाली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. छान वाक्य होतं, ती त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नसती.

मी तिच्याकडे वळलो. सरळ बघितलं तर राखाडी डाग. म्हणून थोडं बाजूला, तिच्या खांद्यापलीकडे बघितलं. तेव्हा तिचा चेहरा दिसला. हनुवटी थरथरत होती. ती घाबरली होती आणि तरी उभी होती.

मी म्हटलं, "परत सांगा. सावकाश."

तिने परत सांगितलं. तिचंच बरोबर होतं. स्क्रू उजवीकडे.